'अवतार'चे आवडते भाग : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, ऑफिसात आणि दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तेच ते प्रश्न येतात आणि मी तीच ती उत्तरं टाइप करत बसते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी लिंक पाठवीन. शेवटापर्यंतची गोष्ट इथे उघड केलेली आहे, तेव्हा मालिका बघितली नसेल तर पहिले दोन-तीन प्रश्न वाचा आणि पळा.

ही नेमकी कोणती मालिका? निळ्या माणसांचा सिनेमा तो हाच का?

नाही हो. निळी माणसं वेगळी.

ही 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ ला सुरू झाली आणि १९ जुलै २००८ ला संपली. मायकल डान्टे डीमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांनी ती निर्माण केली. तीन सीझन आहेत आणि त्यांना 'पुस्तक' म्हणतात : जल, पृथ्वी, अग्नी. भाग २०, २० आणि २१, म्हणजे एकूण ६१. एकेक भाग पंचवीस मिनिटांच्या आतला. ब्रिटनमध्ये हीच मालिका 'द लेजंड ऑफ आंग' या नावाने दाखवली गेली.

गोष्ट अशी : जगात चार राष्ट्रं. प्रत्येक राष्ट्रातल्या काही माणसांना आपापलं तत्त्व हलवता येतं, म्हणजे पाणी, माती, आग किंवा हवा. याला बेंडिंग म्हणतात. चारही तत्त्वं वळवू शकणारा एकच, तो अवतार. हा अवतार म्हणजे आंग नावाचा बारा वर्षांचा टकलू पोरगा. तो शंभर वर्षं बर्फात गोठून पडतो आणि तेवढ्यात अग्निराष्ट्र युद्ध सुरू करून त्याच्या सगळ्या लोकांना संपवून टाकतं. दक्षिण ध्रुवावरची कटारा आणि तिचा भाऊ सॉका त्याला बर्फातून बाहेर काढतात. मागे लागलेला असतो अग्निराष्ट्राचा हद्दपार राजपुत्र झुको. तोंडावर भाजल्याचा भलामोठा व्रण, सोबत चहावेडा काका आयरो.

पण कार्टून आहे ना ते?

आहे. पुढचा प्रश्न.

बरं, तुझा सगळ्यात आवडता भाग कोणता? एकच सांग.

'द टेल्स ऑफ बा सिंग से'. दुसरं पुस्तक, भाग पंधरावा.

हे उत्तर दिलं की लोक हिरमुसतात. त्यांना मोठी लढाई ऐकायची असते. या भागात लढाई नाही. त्याआधीच्या काही भागांत समुद्री साप होऊन गेलाय, शहराची तटबंदी पोखरणारं यंत्र होऊन गेलंय. आणि मग मधेच हा भाग येतो, ज्यात सगळे एका शहरात अडकलेत आणि एकेकाचा एक दिवस आपल्याला दिसतो. सहा छोट्या गोष्टी. कटारा आणि तिची मैत्रीण टॉफ अंगाला चिखलबिखल फासून घ्यायला स्पामध्ये जातात. आंग प्राणिसंग्रहालय हलवतो. सॉका खिडकीतून धडपडून कवितेच्या वर्गात पडतो आणि ५-७-५ च्या मापात हायकूचा सामना रंगवतो. शेवटच्या ओळीत एक अक्षर जास्त होतं आणि दारावरचा दांडगा माणूस त्याला बाहेर फेकतो. शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला, त्यामुळे आपल्याला तरी हा विनोद समजावून सांगावा लागू नये.

पण भाग लक्षात राहतो तो आयरोच्या गोष्टीसाठी. ती नीट सांगते, कारण बहुतेक लोक फक्त 'रडू येतं' एवढंच सांगतात आणि ते का येतं हे कुणी सांगत नाही.

आयरो बाजारात एक टोपली विकत घेतो. खास दिवस आहे एवढंच म्हणतो. जाता जाता दुकानदाराला सांगतो की हे फूल जरा सावलीत ठेव. पुढे एक छोटा मुलगा भोकाड पसरून बसलाय, तर तिथलं एक तंतुवाद्य उचलून त्याला गाणं म्हणून दाखवतो. पोरगं हसतं आणि त्याची दाढी ओढतं. मग चेंडू खेळणाऱ्या मुलांकडून एका घराची खिडकी फुटते. आयरो समजावायला लागतो की चूक झाली की कबूल करावी, तेवढ्यात आतून एक धिप्पाड माणूस गर्जतो आणि आयरो म्हणतो, यावेळी नको, पळा! मग गल्लीत एक चोर त्याच्यावर सुरा रोखतो. आयरो त्याची उभं राहायची पद्धत चुकतेय म्हणून त्याला आडवा करतो, नीट उभं राहायला शिकवतो आणि मग दोघं बसून चहा पितात.

इथवर आपण हसतोय. मग संध्याकाळ होते. आयरो टेकडीवरच्या झाडाखाली येतो, टोपली उघडतो, तिच्यातून एका तरुण सैनिकाचं चित्र काढतो, उदबत्त्या लावतो. मुलगा लू टेन. आज त्याचा वाढदिवस. आणि मघाशी त्या रडक्या पोराला हसवायला म्हटलेलं तेच गाणं तो पुन्हा म्हणतो आणि म्हणता म्हणता त्याला रडू आवरत नाही.

आता हे लक्षात घ्या की हे शहर कोणतं आहे. अग्निराष्ट्राचा सेनापती असताना आयरोने याच बा सिंग से शहराला ६०० दिवस वेढा घातला होता. मुलगा त्याच वेढ्यात गेला. म्हणजे ज्या शहराच्या भिंती फोडायला तो आला होता, त्याच शहरात आज तो निर्वासित म्हणून चहा विकतो, त्यांच्या मुलांना हसवतो आणि त्यांच्याच टेकडीवर बसून आपल्या मुलासाठी रडतो. यातलं काहीही त्या पाचेक मिनिटांत कुणी बोलून दाखवत नाही. टोपली कशासाठी घेतली हे कळायला आपल्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं, एवढंच.

आयरोला आवाज देणारे माको हे जपानमध्ये जन्मलेले अमेरिकन नट. ते जुलै २००६ मध्ये गेले आणि भाग सप्टेंबरमध्ये प्रसारित झाला. या गोष्टीच्या शेवटी त्यांच्या नावे अर्पणपत्रिका येते. तिसऱ्या पुस्तकात ग्रेग बाल्डविन यांनी आयरोचा आवाज दिला. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला आयरो तुरुंगात भिंतीकडे तोंड करून गप्प बसलेला आहे. ते गोष्टीच्या ओघात आलेलं आहे, पण ते मौन बघताना मला दरवेळी दोन माणसांची आठवण येते.

मग 'झुको अलोन' का नाही पहिला? सगळ्या याद्यांत तोच असतो.

माझ्या यादीतही दुसरा आहेच. मंगळवारी विचारलंत तर पहिला सांगेन.

दुसऱ्या पुस्तकाचा सातवा भाग. नायक आंग या भागात जवळजवळ नाहीच. फक्त झुको, एकटा, भुकेला, शहामृगासारख्या घोड्यावर. सुरुवातीलाच एक माणूस मांस भाजताना दिसतो. झुकोचा हात तलवारीकडे जातो. मग त्या माणसाशेजारी त्याची गरोदर बायको दिसते आणि हात खाली येतो. एक शब्द नाही. बिघडलेला मुलगा सुधारतोय हे सांगायला इतर मालिकांना भाषण लागतं, इथे हात वर-खाली झाला की काम झालं.

पुढे तो एका खेड्यात एका शेतकरी कुटुंबाकडे थांबतो. त्यांचा धाकटा मुलगा ली याच्या डोळ्यांत झुको म्हणजे हिरो. थोरला मुलगा सैन्यात गेलाय. जेवणाच्या बदल्यात झुको छपराला खिळे ठोकायला मदत करतो आणि खिळ्याऐवजी स्वतःचा अंगठा ठोकतो. राजवाड्यात वाढलेल्या मुलाने आयुष्यात हातोडी धरलेली नाही, हे दोन सेकंदांत कळतं. गावात त्यांच्याच राष्ट्राचे सैनिक गुंडगिरी करतात. शेवटी ते लीला धरून नेतात, झुको सोडवायला जातो, तलवारींनी लढतो, खाली पडतो. उठायचं तर आग काढावी लागणार. तो काढतो. आणि आपलं पूर्ण नाव सांगतो, राजपुत्र म्हणून.

गाव वाचलं, सैनिक पळाले, आणि सगळं गाव त्याच्यापासून मागे सरकलं. त्याच आगीने त्यांची मुलं युद्धात नेलीत ना! झुको लीला स्वतःचा खंजीर द्यायला जातो, काकाने दिलेला, मागे हटू नकोस अशा अर्थाचं काही कोरलेला. ली तो घेत नाही.

बस्स. संपला भाग. झुको निघून जातो आणि घोड्याच्या पाठीवरचा त्याचा ताठ कणा तेवढा आपल्याला दिसत राहतो.

लेखिका एलिझाबेथ वेल्च एहाझ. नाव लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

पहिलं पुस्तक पोरकट वाटतंय. सोडून दिलं तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं कडक उत्तर : नाही. पण समजू शकते. पहिले काही भाग खरंच लहान मुलांसाठीच्या शनिवार सकाळसारखे आहेत. आंग पेंग्विनसारख्या प्राण्यावर बसून घसरगुंडी खेळतो, सॉका प्रत्येक वाक्याला विनोद करतो आणि त्यातले अर्धे पडतात.

तरी तिसऱ्याच भागात, 'द सदर्न एअर टेंपल'मध्ये, आंग आपल्या मठात परत येतो आणि त्याला त्याच्या गुरूचा, ग्यात्सोचा, सांगाडा सापडतो. आजूबाजूला अग्निराष्ट्राच्या सैनिकांची शिरस्त्राणं. म्हातारा एकटा गेला नाही, पुष्कळांना घेऊन गेला. लहान मुलांच्या मालिकेत तिसऱ्या भागात हे दाखवलंय.

धीर नसेल तर निदान बाराव्या भागापर्यंत या. 'द स्टॉर्म'. एका वादळाच्या रात्री दोन गोष्टी शेजारी-शेजारी सांगितल्या जातात : आंग पळून का गेला आणि झुकोचा चेहरा कुणी जाळला. तेरा वर्षांच्या झुकोने बापाच्या युद्धसभेत एक रास्त गोष्ट बोलून दाखवली, की नव्या पोरांच्या तुकडीला मुद्दाम मरायला पाठवू नका. त्याबद्दल त्याला द्वंद्व करावं लागलं, आणि समोर उभा राहिला तो खुद्द बाप. झुको लढला नाही, गुडघ्यावर बसून माफी मागत राहिला. पुढचं आपल्याला दिसत नाही. आयरो मान फिरवतो ते दिसतं. या भागानंतर झुको तुम्हाला खलनायक वाटत नाही आणि मालिका पोरकट वाटत नाही. नंतर मला फोन करा.

'द ग्रेट डिव्हाइड' खरंच एवढा वाईट आहे का?

वाईट म्हणण्याइतकंही त्यात काही नाही. दोन टोळ्या, एक दरी, जुनं भांडण, आंग खोटं बोलून ते मिटवतो. वगळा. मालिकेलाही हे ठाऊक आहे : तिसऱ्या पुस्तकात एका नाटकात यांचीच गोष्ट रंगमंचावर दाखवतात, तेव्हा ती दरी समोर आल्यावर पात्रं म्हणतात, जाऊ दे, पुढे उडू या.

आप्पा हरवतो ते भाग मुलांना दाखवावेत का?

आधी आमच्या घरचा किस्सा. आप्पा म्हणजे आंगचा उडणारा गवा. सहा पायांचा, पांढरा, कपाळावर बाण. आमच्या घरी आप्पा म्हणजे माझे वडील. भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. 'द लायब्ररी' हा भाग संपला, वाळवंटातल्या चोरांनी आप्पाला बांधून नेलं, आणि हा सोफ्यावरून ओरडत सुटला, "आजी, आप्पा हरवले! आप्पांना चोरांनी पळवलं!" आई पिठाच्या हातांनी बाहेर. "अगं बाई! आत्ता तर दळण आणायला गेलेत!" वडील पाच मिनिटांनी डबा घेऊन आले, तर सगळं घर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

आता उत्तर. दाखवा, पण सोबत बसा. 'द डेझर्ट'मध्ये आंगचा राग पहिल्यांदा भीतीदायक होतो. एरवी शाकाहारी, मुंगीला न दुखावणारा मुलगा त्या भागात काय काय करतो ते बघून भाचा गप्प झाला होता. आणि मग सोळावा भाग, 'आप्पाज लॉस्ट डेज'. आप्पाचे हरवलेले दिवस. पूर्ण भाग त्याच्या नजरेतून, आणि त्याला बोलता येत नाही. आवाज काढलेत डी ब्रॅडली बेकर यांनी, आणि त्या हुंदक्या-गुरगुरण्यांत सगळं आहे. सर्कशीत त्याला आगीने घाबरवतात. तिथला एक मुलगा त्याला पळायला मदत करतो. जखमी अवस्थेत तो या मुलांची लढवय्यी मैत्रीण सुकी हिला सापडतो. बाजारातल्या सर्कशीचं दृश्य लहान मुलांना जड जातं, मोठ्यांनाही. या भागाला प्राण्यांविषयीच्या चित्रणासाठी ह्यूमेन सोसायटीचा जेनेसिस पुरस्कार मिळाला. लेखिका पुन्हा एलिझाबेथ वेल्च एहाझ.

आधीच्या भागात, त्या सहा गोष्टींतली शेवटची मोमोची आहे. मोमो म्हणजे आंगचा पंखवाला लेमूर, खायचा पदार्थ नव्हे. पाऊस पडतोय, मोमोला चिखलात आप्पाच्या पावलाचा ठसा सापडतो आणि तो त्या ठशात अंग चोरून झोपतो. हे दोन भाग एकाच बैठकीत बघू नका, डोळे सुजतात.

ते चक्रांचं खरं आहे का? गुरू पथिक कुठून आले?

'द गुरू', दुसऱ्या पुस्तकातला शेवटून दुसरा भाग. यात पथिक नावाचे गुरू आंगला सात चक्रं उघडायला शिकवतात. या मालिकेत चीन, तिबेट, जपान, कोरिया, इन्युइट लोक असं बरंच काही मिसळलंय, आणि आपल्याकडचं काय हे विचारलं की लोक 'अवतार' या शब्दाकडे बोट दाखवतात. गंमत म्हणजे तो शब्द आपला असला तरी कल्पना आपली कमी आहे. दशावतारात देव खाली येतो. इथे एकच आत्मा हवा, जल, पृथ्वी, अग्नी या क्रमाने माणसांत जन्म घेत राहतो. लहानपणी हजारो खेळण्यांतून आंगने आधीच्या अवतारांची नेमकी चार खेळणी उचलली म्हणून तो ओळखला गेला. हे थेट तिबेटमधल्या लामांच्या शोधासारखं आहे.

पण चक्रांचा भाग मात्र कुणीतरी अभ्यास करून लिहिलाय. मूलाधार पृथ्वीचं, स्वाधिष्ठान पाण्याचं, मणिपूर अग्नीचं, अनाहत वायूचं, बरोबर ओळीने येतात. पाचव्याला पथिक 'ध्वनीचं चक्र' म्हणतात. मला आधी वाटलं, चुकले. विशुद्ध आकाशाचं ना? मग आठवलं, शब्द हाच तर आकाशाचा गुण मानलाय. चुकले नव्हते. त्यांनी त्यात स्वतःची भर घातली ती अशी की प्रत्येक चक्र कशाने तुंबतं ते सांगितलं : भीती, अपराधीपणा, लाज, दुःख, खोटेपणा, भ्रम आणि शेवटी आसक्ती. ओढ्यातल्या डबक्यांत शेवाळ साचावं तसं. काठीने शेवाळ बाजूला केलं की पाणी वाहायला लागतं. आमच्याकडे योगशिबिरात तासभर बोलून जे कळत नाही ते इथे एका काठीने कळतं.

तिसरं चक्र उघडल्यावर आंग भलामोठा ढेकर देतो, कारण गुरुजींनी पाजलंय कांदा आणि केळ्याचं सरबत. हे आपल्या कुठल्याच परंपरेत नाही, माझी खात्री आहे. आमच्या ऑफिसातल्या एकीने करून पाहिलं. तिला विचारू नका.

चौथं चक्र, दुःखाचं, तिथे थांबून बघा. आंगचे सगळे लोक गेलेत. पथिक त्याला सांगतात की त्यांचं प्रेम संपलं नाही, ते नव्या प्रेमाच्या रूपाने परत आलंय. आणि सातव्या चक्राशी, म्हणजे कटाराला मनातून सोडायची वेळ येते तेव्हा, पोरगा उठून पळतो. बारा वर्षांचा आहे तो. मीही पळाले असते. पुढच्याच भागात त्याची किंमत तो वीज अंगावर घेऊन मोजतो.

कटाराचा एखादा चांगला भाग आहे का? ती फक्त सगळ्यांची आई असल्यासारखी वाटते.

दोन आहेत आणि दोन्ही तुमचं हे मत मोडतील.

'द पपेटमास्टर' हा भुताच्या गोष्टीसारखा सुरू होतो. अग्निराष्ट्राच्या एका गावात पौर्णिमेला माणसं नाहीशी होतात. हामा नावाची प्रेमळ म्हातारी मुलांना घरी ठेवून घेते, जेवू घालते. ती कटाराच्याच टोळीतली निघते. वर्षानुवर्षं अग्निराष्ट्राच्या तुरुंगात होती, तिथे पाण्याचा थेंब मिळू देत नसत. मग तिला उंदरांच्या शरीरातलं पाणी दिसलं. पुढे माणसांच्या. म्हातारी चुकीचं करते हे कळतं, आणि ती अशी का झाली हेही कळतं. शेवटी कटाराला तेच करावं लागतं, मित्रांना वाचवायला, आणि ती जिंकून रडते.

दुसरा 'द सदर्न रेडर्स'. लेखिका, ओळखलंत, तीच. कटारा आईला मारणाऱ्या माणसाला शोधून काढते. भर पावसात तो समोर गुडघ्यांवर बसलाय, निवृत्त, थकलेला, आईच्या बोलण्यांखाली दबलेला. कटारा हात वर करते आणि पाऊस हवेतच थांबतो. सगळे थेंब जागच्या जागी. मग त्या थेंबांचे भाले होतात, त्याच्या तोंडापाशी येतात आणि थांबतात.

ती मारत नाही. पण आंग म्हणत असतो तसं माफही करत नाही, आणि हे ती स्पष्ट सांगते. 'माफ कर, मन हलकं होईल' हे ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यापैकी पुष्कळ बायकांना हा भाग का आवडतो ते मी लिहायला नको.

मारामाऱ्या इतक्या खऱ्या का वाटतात?

कारण प्रत्येक बेंडिंगमागे एक खरी चिनी युद्धकला आहे. पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, आगीला उत्तरेकडची शाओलिन, हवेला बाग्वाजांग. सिफू किसू हे सल्लागार होते. त्यामुळे कटाराचे हात गोलाकार वाहतात आणि मातीवाले जमिनीला पाय रोवून उभे राहतात. टॉफची पद्धत इतर मातीवाल्यांपेक्षा वेगळी दिसते, कारण ती आंधळी आहे आणि पावलांना जाणवणाऱ्या कंपनांवरून बघते. तिच्यासाठी दक्षिणेकडची प्रेइंग मँटिस शैली वापरली. तिची ओळख होते तो 'द ब्लाइंड बँडिट' बघा, आखाड्यात दांडगे पैलवान आणि मधे ही चिमुरडी. निर्मात्यांच्या मूळ कल्पनेत हे पात्र बलदंड मुलगा होतं. नंतर त्यांनी स्वतःचीच थट्टा केली : त्या नाटकाच्या भागात टॉफचं काम एक आडदांड पुरुष करतो आणि इतर सगळे आपापली नक्कल बघून चिडलेले असताना टॉफ एकटी खूश.

शेवट फसवा आहे असं भाऊ म्हणतो. तुझं काय मत?

'सोझिन्स कॉमेट', चार भागांचा शेवट. भाऊ अर्धा बरोबर आहे.

प्रश्न फार चांगला उभा केलाय. आंग मारणार नाही, आणि झुकोच्या बापाला, ओझायला, मारल्याशिवाय जग वाचत नाही. तो आधीच्या अवतारांना विचारतो. त्याला वाटतं, निदान यांगचेन तरी, तीही हवेचीच मठवासी, त्याच्या बाजूने बोलेल. तीसुद्धा सांगते की जगाचं कर्तव्य तुझ्या आत्म्यापेक्षा मोठं आहे. आता हा काय करणार? आणि मग समुद्रातून बेटाएवढं सिंह-कासव येतं आणि मारल्याशिवाय शक्ती काढून घेण्याची विद्या शिकवून जातं. त्याचं चित्र 'द लायब्ररी'मध्ये आधी दिसतं हे खरं, पण चित्र दिसणं म्हणजे तयारी करणं नव्हे. वर आंगची पाठ नेमक्या जखमेवर दगडाला आपटते आणि अडलेली शक्ती मोकळी होते. एवढा दगड तर आमच्या गल्लीतल्या पोरांच्या क्रिकेटमध्येही नेमका लागत नाही.

पण भावाला सांगा, त्याच शेवटात दोन दृश्यं अशी आहेत की त्यांच्यासाठी कासवही चालवून घेता येतं. एक, झुको आणि त्याची बहीण अझुला यांचं द्वंद्व. केशरी आग आणि निळी आग, आणि मारामारीचा आवाज जवळजवळ काढूनच टाकलाय. फक्त जेरेमी झुकरमन आणि बेंजामिन विन यांचं संथ, दुःखी संगीत. एरवी अशा ठिकाणी ढोल वाजतात. इथे भाऊ-बहीण लढतायत आणि संगीत दुखवट्याचं.

दोन, त्याआधीचं. झुको काकाच्या तंबूत जातो. यानेच आयरोला दगा दिलाय. काका झोपलेला आहे. झुको रात्रभर तिथे बसून राहतो. सकाळी आयरो उठतो, आणि झुको पाठ केल्यासारखी माफी मागायला लागतो. वाक्य पुरं होत नाही. आयरो त्याला ओढून मिठी मारतो.

बापापुढे गुडघ्यावर बसून माफी मागितली तेव्हा या मुलाला काय मिळालं होतं ते आठवा. 'द स्टॉर्म' वगळू नका म्हणाले ते याचसाठी.

हसवणारे भाग कोणते? रोज रडायचं नाहीये.

वर म्हटलेलं नाटक ज्यात आहे तो 'द एंबर आयलंड प्लेयर्स' पहिला. पण सगळं आधी बघितलेलं हवं, नाहीतर अर्धे विनोद वाया. 'द केव्ह ऑफ टू लव्हर्स'मध्ये गाणी म्हणत भटकणारी मंडळी आहेत, ज्यांच्यामुळे सॉकाच्या डोक्याचा भुगा होतो. त्याच्या कपाळावर हात मारण्याने कपाळ लाल होतं, ते बघा.

खऱ्या माणसांना घेऊन केलेलं बघू का?

२०१० चा सिनेमा नको. नेटफ्लिक्सची २०२४ ची मालिका, पहिले आठ भाग, कपडे-देखावे छान आहेत. मूळ बघून झाल्यावर बघा, आधी नको. शांत बसण्याचे जे प्रसंग मला आवडतात, त्यांना तिथे फारशी जागाच मिळालेली नाही.

माझ्याकडे एकच रविवार आहे. पाच भाग सांग.

हा प्रश्न भाऊ विचारतो. दर दिवाळीला. ठीक आहे : 'द स्टॉर्म', 'झुको अलोन', 'द टेल्स ऑफ बा सिंग से', 'आप्पाज लॉस्ट डेज', 'द सदर्न रेडर्स'. पण मधलं काही न बघता बघितलेत तर तंबूतली मिठी लागणार नाही, आणि मग मला येऊन 'एवढं काय त्यात' म्हणू नका. आणखी एक, आमच्या घरी बघणार असाल तर आप्पांना आधी सांगून ठेवा. गेल्या वेळी ते स्वतःच हरवल्याची बातमी ऐकून दारातच उभे राहिले होते.